मटक्याची म्हणून छापली गेलेली एक वही

२०१० च्या मे महिन्यात मी एक बातमी लिहिली होती. पान तीन, चार कॉलम, फोटोसह. मथळा होता, 'व्हिडिओ गेमच्या विळख्यात जालन्याची तरुणाई'. नव्या जालन्यातल्या एका गल्लीत गेम पार्लर होतं, त्याच्यावर. फोटो होता एका वहीच्या पानाचा. पानभर आकडे, मधेच ए, सी, ई अशी अक्षरं. बातमीत मी एक ओळ टाकली होती : 'या आकड्यांचा मटक्याशी संबंध असल्याची चर्चा परिसरात आहे.'

आमच्या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे, अशी चर्चा परिसरात कोण करत असतं. ती मीच केली होती, माझ्याशीच.

गेल्या दिवाळीत त्या वहीचा मालक भेटला. त्यानं ती वही मला वाचून दाखवली. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. पोस्ट लांब आहे, पण जालन्याच्या पोरांचा एक इतिहास आहे जो कुणी लिहिला नाही, आणि माझ्यासारख्यानं लिहिला तो चुकीचा लिहिला. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आपला जिल्हा १ मे १९८१ चा. मी त्याच वर्षाचा. म्हणजे १९९२-९३ ला मी अकरा-बारा वर्षांचा होतो, तेव्हा ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता त्यांच्याकडे 'लिटल मास्टर' किंवा 'समुराई' नावाचा गेम यायला लागला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हा कन्सोल काढला, त्याच्याच जातकुळीतली ही यंत्रं. बहुतेक नक्कलच. आपण त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, आणि त्यात घालायच्या वस्तूला 'कॅसेट'. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची.

त्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १'. सुरू केली की लांबलचक यादी, पण खेळ पाच-सहाच. तेच परत परत. फक्त एका 'कॉन्ट्रा'त तीन जीव, दुसऱ्या 'कॉन्ट्रा'त तीस. एका मारिओत पहिल्यापासून सुरुवात, दुसऱ्यात थेट पुढच्या टप्प्यावर. आम्हाला वाटायचं फसवलं. फसवलंच होतं. पण ते कसं फसवलं होतं हे समजून घेण्यासारखं आहे.

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसलेला आहे. आज सकाळी तुम्हाला आलेला 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्याहून मोठा असेल. खेळ म्हणजे शेवटी आकड्यांची एक रांग. त्या रांगेत कुठंतरी एका ठिकाणी लिहिलेलं असतं, सुरुवातीला जीव किती. तिथला ३ काढून ३० केला की 'नवा' खेळ तयार. नकली कॅसेटवाले तेच करत होते. पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि सालही पुसून टाकायचे. म्हणजे गेमच्या आत हात घालून आकडे बदलायची ही विद्या जालन्यात आली ती चोरीच्या मालातून आली. हे लपवायचं कारण नाही.

पण त्या काळात आपण फक्त गिऱ्हाईक होतो. बदल करणारे कुठंतरी परदेशात बसलेले. आपल्या पोरांनी स्वतः हात घातला तो पुढच्या पिढीत, आणि त्याला कारण ठरलं क्रिकेट.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' आला. कॉम्प्युटरवर आणि सोनीच्या प्लेस्टेशन-२ वर. बनवला होता कॅनडातल्या एका स्टुडिओनं. समालोचनाला रिची बेनो आणि मार्क निकोलस. खेळ उत्तम होता, पण अॅशेस डोळ्यांपुढे ठेवून काढलेला. इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावांनिशी, कारण त्यांचा परवाना घेतलेला. आपल्या भारताच्या संघात मात्र नावं खऱ्यासारखी वाटणारी पण खोटी. परवाना नाही, म्हणून नाव नाही. ज्या देशात हा खेळ सगळ्यात जास्त पाहिला जातो त्या देशाचाच संघ टोपणनावानं खेळणार!

त्यातच पुढच्या दीड वर्षात क्रिकेटच बदललं. २४ सप्टेंबर २००७ ला धोनीच्या संघानं ट्वेंटी-२० चा विश्वचषक जिंकला. १८ एप्रिल २००८ ला आयपीएल सुरू झाली. आठ संघ, नवे रंग, नवे बिल्ले. आणि ईएनं पुढचा क्रिकेट गेम कन्सोलसाठी काढलाच नाही. म्हणजे पोरांच्या हातात कायमचा २००६ सालात अडकलेला खेळ, आणि टीव्हीवर रोज रात्री आयपीएल.

मग देशभरातली हौशी पोरं कामाला लागली. कुणी खेळाडूंची नावं खरी केली, कुणी जर्सीची चित्रं काढली, कुणी मैदानाभोवतीच्या जाहिराती बदलल्या. असं बदललेल्या फाइलींचं गाठोडं म्हणजे 'पॅच'. ईएच्या खेळातली चित्रं 'एफएसएच' नावाच्या फाइलींमध्ये असायची. ती उघडायची, आतली जर्सी बाहेर काढून रंगवायची, परत आत घालायची. दरवर्षी आयपीएलचा लिलाव झाला की नवा पॅच. एक पैसा न घेता. हा २००६ चा खेळ त्यामुळं पुढची कित्येक वर्षं जिवंत राहिला. कंपनीनं सोडून दिलेला खेळ लोकांनी सांभाळला.

कॉम्प्युटरवर हे तुलनेनं सोपं होतं. फाइल बदलली की झालं. आपल्याकडच्या पार्लरमध्ये मात्र कॉम्प्युटर नव्हे, पीएस-टू असायचा. जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेलेला हा कन्सोल. त्यात खेळ डीव्हीडीवर येतो, आणि डीव्हीडीवर काही बदलता येत नाही. म्हणून पूर्ण डीव्हीडीची प्रत कॉम्प्युटरवर घ्यायची, त्यातली नेमकी फाइल शोधायची, आतले आकडे बदलायचे, आणि सगळं परत कोऱ्या डीव्हीडीवर जाळायचं. बदललेली फाइल मूळ फाइलीच्या जागेतच बसवायची. ती मोठी झाली तर पुढच्या सगळ्यांच्या जागा हलतात, आणि टीव्हीवर नुसता काळा पडदा. शिवाय जाळलेली डीव्हीडी चालायला 'चिप मारलेला' पीएस-टू लागतो. एक चूक म्हणजे एक डीव्हीडी वाया. वीस-पंचवीस रुपये गेले. ज्याचे वडील रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातात त्या पोरासाठी ही रक्कम लहान नव्हती.

त्यात लोडशेडिंग. तो काळ आठवा. मेमरी कार्डवर सेव्ह होत असताना लाइट गेली की सगळं फस्त. त्या कार्डाची क्षमता अवघी ८ मेगाबाइट, आणि त्यात गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या स्पर्धा.

आता वहीकडं येतो.

त्या पार्लरमध्ये चार टीव्ही आणि चार पीएस-टू होते. तासाला पंधरा रुपये. मी बातमीसाठी गेलो तेव्हा दुपार होती, शाळेला सुट्ट्या होत्या आणि आत गर्दी होती. मी दहा मिनिटं थांबलो. दुकानदाराला दोन प्रश्न विचारले. काउंटरवर वही उघडी होती, फोटो काढला. कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरपुढं एक पोरगा बसला होता, जुन्या जालन्याचा, आयटीआयला शिकणारा. त्याला मी एकही प्रश्न विचारला नाही. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, ज्याच्याबद्दल लिहितोय त्याची बाजू घ्या. ते शिकवलेलं मी त्या दिवशी घरी ठेवून गेलो होतो.

बातमी छापून आली. दोन दिवसांनी चौकशीला माणसं आली. मटका काही सापडला नाही, सापडणार कसा? पण गल्लीतल्या लोकांनी पोरांना पाठवणं बंद केलं, जागामालकानं तगादा लावला, आणि पावसाळ्याच्या आधी शटर कायमचं खाली आलं. मला तेव्हा कार्यालयात शाबासकी मिळाली. 'बातमीचा दणका' म्हणून पाठपुरावाही छापला.

गेल्या दिवाळीत गांधी चमनजवळ चहा घेत होतो. पस्तिशीतला एक गृहस्थ समोर येऊन उभा राहिला.

'सर, ओळखलं का?'

नाही ओळखलं. त्यानं पाकिटातून घडी घातलेलं कात्रण काढलं. माझीच बातमी. इतकी वर्षं जपून ठेवलेली.

मी काय बोलावं ते सुचेना. तो मात्र हसत होता. म्हणाला, 'सर, रागवायला नाही आलो. फक्त फोटोतली पहिली ओळ वाचून दाखवतो, बसा.'

ओळ अशी होती : ४ए ४१ ४सी ४ई ४१ ००.

त्यानं समजावलं ते तुम्हालाही सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला आहे. हे आकडे लिहायची एक पद्धत असते, तीत ० ते ९ नंतर ए ते एफ येतं, म्हणजे दहाऐवजी सोळाची मोजणी. त्या पद्धतीत 'जे' म्हणजे ४ए, 'ए' म्हणजे ४१, 'एल' म्हणजे ४सी, 'एन' म्हणजे ४ई, आणि परत 'ए' ४१.

जे, ए, एल, एन, ए. जालना.

'खेळात इंग्लंडचे काउंटी संघ होते ना सर. त्यातला सरे काढला आणि जालना घातला. सरेच्या स्पेलिंगची अक्षरं सहा, आपली पाच. सहावी जागा रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून तिथं शून्य-शून्य भरलं.'

आणि खालच्या अकरा ओळी?

'गल्लीतली अकरा पोरं. दुकानदारभाऊ विकेटकीपर.'

मित्रांनो, मी मटक्याचे आकडे म्हणून जे छापलं होतं ते आपल्या गावाचं नाव होतं. लॉर्ड्सवर खेळणारा जालन्याचा संघ होता तो. मैदान लॉर्ड्सचं आणि समालोचनाला रिची बेनो.

त्याला हे कुणी शिकवलं? कुणी नाही. मोठ्या गावांतल्या पोरांनी नेटवर टाकलेलं वाचायचं, सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन, आणि वहीत उतरवून घ्यायचं. इंग्रजी अर्धंच कळायचं. बाकीचं डीव्हीडी वाया घालवून. आयपीएलचे आठ संघ त्यानं असेच काउंटी संघांच्या जागी बसवले होते. मोठं नाव बसत नसलं की कापायचं, छोटं असलं की शून्यानं भरायचं. हे ऐकताना मला आमची जुनी पानं आठवली, मथळा कॉलममध्ये बसवताना आम्हीही हेच करायचो.

हे वेड फक्त आपल्याकडचं असंही नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये निन्टेन्डोच्या कन्सोलवर 'टेक्मो सुपर बाउल' नावाचा त्यांच्या फुटबॉलचा खेळ आला. तिथले हौशी लोक आजही दरवर्षी त्या जुन्या खेळात नव्या हंगामाचे संघ भरतात. जपानच्या कोनामी कंपनीच्या फुटबॉल गेममध्ये परवाना नसल्यानं मँचेस्टर युनायटेडचं नाव 'मॅन रेड' असायचं. युरोपातली पोरं ते घरी बसून दुरुस्त करायची. १९९३ च्या 'डूम' या खेळाच्या निर्मात्यांनी तर लोकांना बदल करता यावेत म्हणून माहितीच्या फाइली मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. आणि ज्या 'काउंटर-स्ट्राइक'पायी आपल्या सायबर कॅफेंचं भाडं निघालं, तो १९९९ मध्ये दोन हौशी पोरांनी 'हाफ-लाइफ' या खेळात केलेला बदलच होता. त्या कंपनीनं पोरांवर खटला भरला नाही. त्यांना सोबत घेतलं आणि २००० मध्ये तो खेळ स्वतः बाजारात आणला.

क्रिकेटमध्येही शेवटी तेच झालं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट या स्टुडिओनं 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' काढला. त्यांच्याकडेही सगळे परवाने नव्हते. त्यांनी खेळाडू तयार करायची सोय लोकांनाच देऊन टाकली, की बनवा आणि एकमेकांना वाटा. म्हणजे आपली पोरं जे चोरून-मारून करत होती त्याला कंपनीनंच दार उघडून दिलं.

कायद्याचं विचाराल, तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. मूळ डीव्हीडीच्या प्रती काढून विकणं हा गुन्हा होता आणि आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याबाबत स्पष्ट आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आलेलं कलम ६५ अ तर कॉपी रोखणारं कुलूप तोडण्यावरही बोट ठेवतं. तेव्हा चिप मारलेले कन्सोल आणि जाळलेल्या डीव्हीड्या, यांचं समर्थन मी करत नाही. पण स्वतःच्या खेळातले आकडे बदलून खेळणं? अमेरिकेत 'गेम जिनी' नावाचं यंत्र होतं, ते कॅसेट आणि कन्सोल यांच्या मधे बसून जीव-शस्त्रांचे आकडे बदलायचं. निन्टेन्डो कोर्टात गेली आणि १९९२ मध्ये अपिलातही हरली. विकत घेतलेला खेळ घरी कसा खेळायचा हा गिऱ्हाइकाचा प्रश्न, असा त्याचा साधा अर्थ. माझ्या बातमीत हा फरक कुठंच नव्हता. खरं तर डीव्हीड्यांच्या प्रतींचा मुद्दा मी लिहिला असता तर ती निदान खरी बातमी झाली असती. मी सोडला तो खरा मुद्दा, आणि छापला तो खोटा.

अजून एक आठवण सांगायची राहिली. २०११ मध्ये आपल्या जालन्याच्या विजय झोलनं कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केले. २०१२ चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, २०१४ च्या विश्वचषकात कर्णधार होता, आणि त्याच वर्षी बंगळुरूच्या आयपीएल संघानं त्याला घेतलं. तेव्हा माझ्या भाच्यानं कॉम्प्युटरवर त्याच जुन्या 'क्रिकेट ०७' मध्ये नवा पॅच टाकला होता. संघाची यादी उघडून तो ओरडला, 'मामा, झोल आहे!' कुठल्या तरी गावातल्या, जालना न पाहिलेल्या पोरानं रात्र जागून ते नाव टाइप केलेलं. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, आणि चार वर्षांपूर्वीची वही मला आठवलीसुद्धा नाही.

वहीचं काय झालं, हे मी त्याला विचारलं. चौकशीच्या भीतीनं आईनं चुलीत घातली, म्हणाला. हस्तलिखित दीडशे पानांचं होतं. आज तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं, हे आकडे वाचायला कुठं शिकलात? यानं सांगितलं, जालन्यात. पुढं काही सांगता आलं नाही, कारण दाखवायला काही उरलं नव्हतं. दुकानदारभाऊंची मी चौकशी केली. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची माफी मागायची राहिली, ती आता राहिलीच.

आपण म्हणतो 'जालना सोने का पालना'. स्टील, बियाणं, मोसंबी, सगळ्याचा इतिहास आपण लिहितो, आणि लिहायलाच पाहिजे. पण २००७ ते २०१३ या काळात या गावातली काही पोरं वीस रुपयांच्या डीव्हीडीवर, लोडशेडिंगमधून वेळ काढून, कुणी न शिकवता यंत्राच्या पोटात हात घालत होती. त्याची नोंद एकाच ठिकाणी आहे, माझ्या बातमीत. आणि ती खोटी आहे.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत, माळ्यावर, जुन्या कपाटात स्केचपेननं 'आयपीएल' लिहिलेली डीव्हीडी, एखादं मेमरी कार्ड, आकड्यांची वही सापडली तर भंगारात देऊ नका. जाळलेल्या डीव्हीड्या फार टिकत नाहीत, आपल्या उन्हात तर नाहीच. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, आणि कागदावर लिहा : कुणी केलं, कोणत्या साली, कोणत्या गल्लीत. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कुठंही असं पार्लर होतं तर कमेंटमध्ये आठवण लिहा. मी सगळ्या आठवणी एकत्र करून नीट लिहून काढणार आहे. या वेळी प्रत्येकाची बाजू विचारून.

वर्तमानपत्रात चूक झाली की आतल्या पानावर बारीक अक्षरात दुरुस्ती छापतात. माझी त्या वेळी छापली गेली नाही. ती आज इथं देतो :

मे २०१० च्या बातमीतील छायाचित्रात दिसणारे आकडे मटक्याचे नव्हते. ते 'जालना' असे वाचावे.